पेटीची दोरी

बेटा सुनील,

मी शारजात आल्यापासून तू रोज विचारतं, "याडी, पेटीची दोरी काहून सोडत नाही? हे आता तुहंच घर हाये." मले नुसतं हासू येते.

नागपूरच्या विमानतळावर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजी, तुम्ही पाहुण्याच्या व्हिसावर जाताय. परतीचं तिकीट दाखवा, नाहीतर विमानात बसता येणार नाही." तू तर एकाच बाजूचं पाठवलं होतं. सोडायले आलेला तुहा मामा घामाघूम झाला. मी पिशवीतून दुसरं तिकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. पुसदच्या एजंटाकडून मीच काढून घेतलं होतं, पेरणीच्या आधी वापस याचं.

तुले वाटते, कापसात आता काही राह्यलं नाही, मंग म्हातारीनं तांड्यात कायले जावं. कापूस बुडाला, हे खरं हाये. पण वावर माह्या नावावर हाये, अन् यंदा मले त्यात तूर पेराची हाये.

तुहा पणजा बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरे. मुक्कामाले उतरला की गावचा पाटील विचारे, "हलणार कधी?" पणजा म्होरक्या बैलाची गोणी उतरवी, पण तिची दोरी सोडत नसे. ते पाहून पाटील निवांत झोपे. आपल्याले कोणी "जा" म्हणाची वेळ त्यानं कधी येऊ देली नाही.

हे पत्र तुले देत नाही, तू रडशील. काल सून दोरी सोडाले बसली, तवा मी तिचा हात धरला. ती गाठ तांड्यातच सुटीन.

वावराची मालकीण,
तुही याडी जमनी