मंजूच्या नोकरीतला खंड

लातूर, १४ जुलै २०२४

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. नीलास विरूपाक्षचे अ. उ. आ.

दिवाळीत तुझ्या वहिनीने हुकूम काढला, की बहीण-भावाने फोनवर फक्त तब्येत आणि पाऊसपाणी बोलायचं, राजकारण पत्रातून करायचं, म्हणजे शेजाऱ्यांना झोप लागेल. तो हुकूम पाळून लिहीत आहे.

तुझी लाडकी नात मंजुश्री नर्सिंगची पदवी घेऊन घरी आली. आमचा रविकिरण पेढे वाटून परत दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसला, लेकीचं पुढचं ठरवायचं काम माझ्या गळ्यात घालून. मी ठरवलंही. इथे एक क्लासवाला आहे, जर्मन भाषा शिकवून पोरींना तिकडच्या दवाखान्यात पाठवतो. साडेसहा लाख मागतो. दुकानाचा वरचा मजला तारण ठेवला की बँक कर्ज देते, आणि पोरगी दोन वर्षांत फेडून टाकील.

पण पोरगी म्हणते, किनवटकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात तिची कंत्राटी निवड झाली आहे आणि तिला तिकडेच जायचं आहे. पगार आमच्या दुकानातल्या जुन्या माणसाहून थोडाच जास्त. हे खूळ तिच्या डोक्यात कुणी भरवलं, हे विचारायची गरज नाही. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत तू पोरांना सरकारचे गोडवे ऐकवलेस. मग स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन खासगी दवाखान्यात का केलंस, तेवढं उलट टपाली कळव.

भाऊजींना शरणार्थ. राग पत्रात काढावा, लोभ फोनवरही चालेल.

तुझा,
विरूपाक्ष

&nbsp;

नांदेड, २५ जुलै २०२४

ती. अण्णांच्या चरणी नीलाचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुमच्या बाजूने हसले, म्हणून आज त्यांच्या ताटात कालचं वरण आहे.

गुडघ्याचं म्हणाल, तर सरकारी दवाखान्यात नंबर यायला आठ महिने होते. म्हणून मी म्हणते तिथे डॉक्टर वाढवा, आणि तुम्ही म्हणता दवाखान्यालाच कुलूप लावा. लातूरचे नळ कोरडे पडले होते तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आलं. ती आगगाडी कुठल्या शेठजींची होती, हे वहिनींना विचारून ठेवा. त्या पाण्याचा चहा मी तुमच्याच घरी प्यायले आहे.

बाकी थट्टा पुरे. अण्णा, कर्ज काढू नका. बावीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर साडेसहा लाख ठेवून तिला विमानात बसवायचं, आणि तिकडे नाही रमली तर हप्त्यापायी तिला परतही येता यायचं नाही. किनवट तसं जवळ आहे, नांदेडहून रेल्वे जाते, मी लक्ष ठेवीन. कंत्राटी माणसं पुढे कायम होतात, मी पाहिली आहेत. तिला जाऊ द्या.

वहिनींच्या हातची शेंगदाण्याची चटणी संपली. मतभेद बाजूला ठेवून पाठवावी. लोभ चटणीसोबत आला तरी चालेल.

आपली,
नीला

&nbsp;

लातूर, १० जुलै २०२५

चि. सौ. नीलास अ. उ. आ.

तुला न सांगता किनवटला जाऊन आलो. मंजूचे अकरा महिने संपले. नवा आदेश देण्याआधी तिला एक दिवस कामावरून कमी करतात. कागदावर त्याला खंड म्हणतात. म्हणजे नोकरी सलग होत नाही आणि उद्या पोरगी कायम करा म्हणून मागे लागत नाही. म्हटलं, त्या दिवशी ती कुणाचीच नोकर नाही, तोच मुहूर्त धरावा, बॅग भरून घरी आणावी. क्लासवाल्याला शब्दही देऊन ठेवला होता.

जाऊन बघतो तर बाईसाहेब कामावर! लसीकरणाचा दिवस होता. पाड्यांवरून बाया लेकरं घेऊन चालत आल्या होत्या आणि सुया टोचायला कायम नोकरीतल्या नर्स लुंबिनीबाई एकट्याच. मंजू लेकरांची वजनं घेत होती, आयांशी मोडक्यातोडक्या गोंडीत बोलत होती. मी तिला म्हटलं की आज तू नोकरीत नाहीस, तर म्हणाली, की ह्या बायांना तो आदेश कुणी दाखवला नाही. वर लुंबिनीबाईंनी मलाच खाली बसवलं, की आजोबा, मांडीवर घ्या अन् पाय घट्ट धरा, लेकरू लई ताकदीचं हाय. दुपारपर्यंत मी तेच करत राहिलो. दोघा लेकरांनी धोतर भिजवलं.

नीला, पन्नास वर्षं दुकान केलं, पण बिनपगारी दिवशी असं राबणारं माणूस मला मिळालं नाही. पोरीचा इतका अभिमान वाटला, की बॅगेचं बोलायचं राहूनच गेलं. क्लासवाल्याला नकार कळवला आहे. तुझं सरकार नालायकच आहे, पण मंजू तिथेच राहील. हसू नकोस. हसलीसच तर चटणी बंद.

तुझा,
विरूपाक्ष

&nbsp;

नांदेड, २१ जुलै २०२५

ती. अण्णांना नीलाचा कृ. सा. न. वि. वि.

हसले नाही. रविवारी मंजू माझ्याकडे आली होती. तुम्ही पाहिलात तो एक दिवसाचा खंड अजून चालूच आहे, कारण नवा आदेश निघालेला नाही. पोरगी तरीही रोज जाते. त्याआधीचा चार महिन्यांचा पगार थकला आहे आणि खोलीचं भाडं ती लुंबिनीबाईंकडून उसनं घेऊन देते. इतके दिवस मला सांगितलं नाही, कारण आजीचं मन मोडेल म्हणे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

अण्णा, सरकार म्हणजे आपलंच घर, असं मी सगळ्यांना सांगत आले. त्या घराने माझ्या नातीला ओसरीवरच बसवून ठेवलं. तिला जर्मनीला पाठवा. कर्ज काढू नका, माझ्या निवृत्तीची ठेव आहे, ती मोडते. दवाखाने सरकारीच हवेत हे माझं मत अजून तेच आहे, पण त्यासाठी आपली पोर खर्ची घालणार नाही.

आता तुम्ही सरकारच्या बाजूने आणि मी विरुद्ध, ही बातमी ह्यांनी गल्लीभर केली आहे. भांडायचं असेल तर लवकर लिहा. लोभ आहेच, तो ह्या भांडणातूनही टिकवावा.

आपली,
नीला

&nbsp;

किनवट, ५ ऑगस्ट २०२५

ती. आजोबा आणि ती. नीलाआजी यांना मंजूचा सा. न. वि. वि.

दोघांना एकच पत्र झेरॉक्स काढून पाठवते आहे. वेगवेगळी लिहिली तर तुम्ही ती शेजारी ठेवून भांडाल. मागच्या वर्षी आजोबा म्हणत होते जा आणि आजी म्हणत होत्या राहा. यंदा उलटं. दोन्ही वर्षी तुम्ही एकमेकांना भरभरून लिहिलंत, मला कुणी दोन ओळी लिहून विचारलं नाही.

नवा आदेश आला, पुन्हा अकराच महिन्यांचा. तो मी घेतलेला नाही. गेल्या वर्षभरापासून मी पहाटे उठून मोबाईलवर जर्मन शिकते आहे, हे तुम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. तिथल्या एका दवाखान्याने माझी मुलाखत घेतली आणि निवड केली. भाषेचा पुढचा खर्च आणि तिकीट तेच देणार आहेत. आजोबांचा वरचा मजला आणि आजींची ठेव, दोन्ही जागच्या जागी राहू द्या. दवाखाना त्या शहराच्या नगरपालिकेचा आहे. म्हणजे आजी म्हणणार सरकारी निघाला, आजोबा म्हणणार शेवटी जर्मनीच. खुशाल दोघांनी पेढे वाटा.

मला मात्र पेढा गोड लागणार नाही. काल एका बाईने विचारलं, की लेकराच्या नवव्या महिन्याच्या सुईला तूच असशील ना. मला हो म्हणता आलं नाही. मी चांगलं काम करत होते, आजोबा, तुम्ही पाहिलं आहे. तिकडच्यांनी मला पाच वर्षांसाठी मागितलं. इथल्यांनी दोन वर्षांसाठी जरी मागितलं असतं ना, तरी मी गेले नसते.

जाण्याआधी लातूरला येते. दोघं एकाच घरी भेटा. लोभ असावा, आणि तो कायम असावा.

तुमची,
मंजू