नापुरुलाची दुसरी आई

प्रिय मर्टलताई,

हे पत्र शेजारच्या रोझीचा जावई स्वतः तुझ्या हातात देईल. नर्सकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव.

गुरुवारी बेवारस कुत्री मारायला सरकारी माणूस आला. बंदूक गाडीत, कागद हातात. अट एकच: कुत्र्याचा धनी गावात राहणारा हवा. सगळ्या बायका आपापली कुत्री पोटाशी धरून वाळूत बसल्या. एकेकीने नाव सांगितलं, आपल्या पोटच्या लेकरांना लागतं तेच घराण्याचं नाव. लिहून लिहून तो थकला. म्हणाला, "इथे तर कुत्र्यांचीही घराणी!" रोझी म्हणाली, "तुझं कुठलं रे? की तूच बेवारस?"

उरली तुझी पिवळी कुत्री. डिंगो रानकुत्र्याचीच जात, निम्मी वाळवंटाची. तू शहरात गेल्यापासून टेकडीवर असते. घोरपडीचा तुकडा टाकला तर माझी पाठ वळल्यावरच उचलते. तिने चावून माझा अंगठा फोडला तेव्हा तू हसली होतीस, ते मी विसरलेले नाही.

त्याने बंदूक काढली. मी म्हटलं, "ती माझी लेक आहे." तो म्हणाला, "आजी, हिची आई तिकडे शहरात, आलिस स्प्रिंग्जला आहे, इथे लिहिलंय." "आईची बहीण आईच असते. तुमच्यात नसते?" "मग बोलव तुझ्या लेकीला."

मी वाळूत बसले. इतकी वर्षं तिला चोरटी म्हणत आले. पहिल्यांदा खऱ्या नावाने हाक मारली, आपल्या लेकींना लागतं त्याच: नापुरुला. ती उतरली. सरळ नाही, झुडपांमागून वळसा घेत, वास घेत. मग माझ्या मांडीवर तोंड ठेवलं. बायका अशा ओरडल्या की त्याच्या हातून कागद पडला. त्याने तो उचलला आणि माझं नाव लिहिलं.

तू निरोप पाठवला होतास: कुत्रीचं होईल ते होवो, येत्या मंगळवारपासून मी रक्त धुवायच्या यंत्रावर बसणार नाही, माझी वाट बघणारं कोण आहे. ताई, तसलंच यंत्र आपल्या दवाखान्यात आलंय. काल खोक्यातून काढलं. थंडी सरायच्या आत सुरू होईल. नापुरुला रोज संध्याकाळी तुझ्या रस्त्याकडे तोंड करून बसते. आता माझ्या शेजारी बसते, एवढंच. तिला दोन्ही आया हव्यात. मंगळवारी यंत्रावर बस.

तुझीच, अंगठा फुटलेली,
डल्सी