रास हजलचा दारूगोळा

३ जून
पोहोचले एकदाची! रास हजलचा जुना तोफखाना, तिन्ही बाजूंना समुद्र, आणि त्यात मी, नाजिहा, सफाक्स शहरातल्या शाळेतली इतिहासाची बाई. इथे संग्रहालय होतंय. त्यासाठी तळाच्या युद्धकाळाची पुस्तिका लिहायची. राखणदार मबरूककाकांनी चिलगोजे घातलेला चहा दिला. वर बजावलं, "तोफेवर कपडे वाळत घालू नका, बाई. मागच्या साहेबांनी घातले होते." खूप हसले मी.

७ जून
तळाचा तेव्हाचा परदेशी प्रमुख, कॅप्टन मोर्दान, त्याची नोंदवही सापडली. १९४३, बॉम्बहल्ला. तोफगोळे वाहणारे गावातले एकोणीस मजूर पळतील म्हणून त्याने त्यांना दारूगोळ्याच्या कोठारात घालून बाहेरून कडी लावली. आग लागली. तळ सोडताना दार कुणी उघडलं नाही. काकांना विचारलं, तर त्यांचे वडील, हमीदा, त्यातलेच. काका म्हणाले, हे गावाला ठाऊक आहे, कागदाला नाही. मी शब्द दिला, लिहीन म्हणून.

११ जून
संग्रहालयाचे संचालक लतीफ! हसत म्हणतात कसे, "परदेशी पाहुणे येणार, त्यांच्यापुढे मढी कशाला उकरता? अपघाती स्फोटात गेले, असं लिहा." वर आईची चौकशी. तिला एकटीला सोडून आलात ना, सफाक्सला परत बदली हवी असेल ना? अंगाची लाही लाही झाली. दार आपटून आले.

१४ जून
मजुरांचं पान काढलं, 'अपघाती स्फोट' लिहिलं. "मजकूर तपासला, खरा आहे" याखाली सही केली. माझी. काल आई पडली, शेजारणीचा फोन होता.
छापायला जाणारी प्रत काकांनी वाचली. एवढंच म्हणाले, "माझ्या बापाला दुसऱ्यांदा कोंडलंत, बाई." आज चहाही आणला नाही. लतीफचा राग येतो. स्वतःची तर शिसारी येते.

१५ जून
भर दुपारी फोटो काढायला कोठाराकडे गेले. आतून खोकला ऐकू आला. मग लोखंडावर धपाधप मुठी.
कोठाराला दार नाहीये. ते कधीच भंगारात गेलं.

१६ जून
हाताचे तळवे काळे. काजळी साबणाने जात नाही. लतीफला सांगितलं — ऊन लागलंय म्हणे, टोपी घाला. पान परत घाला, मी म्हणाले, तर म्हणे — पुस्तिका छापून आल्या. हसला. त्याचा तो हसरा चेहरा —
उद्या त्याला आत नेणार. ऐकू दे त्यालाही.

१७ जून, सकाळी दहा
आणलं त्याला. पुढे तोच गेला, नाक दाबून, माझी टर उडवत. मी मागोमाग.
दार लागलं. नसलेलं दार.

भिंतीतल्या फटीतून उजेड येतोय, तेवढ्यावर लिहितेय. धूर. लतीफ ओरडतोय, मी संचालक आहे, उघडा. कोण उघडणार? सगळे तर आतच —

एकोणीस. जवळ आलेत. ओरडत नाहीत. राग असा गप्प असतो हे मला —
हात लागला. गरम.
विचारताहेत. सही कुणाची?
लतीफ बोट दाखवतोय. हिची, हिचीच, मी फक्त —
खरं आहे. हो म्हटलं मी. माझीच. पण सांगितलं कुणी ते —
ऐकत नाहीत. पुस्तिका समोर धरलीय. वाच म्हणतात, मोठ्याने. वाचतेय. अपघाती स्फो—