बिनधुराच्या चुलीचा खुलासा

माय,

परवा आमच्या अमरावतीच्या घरी सरकारी कामावरची एक मुलगी आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. स्वयंपाक कशावर करता, गॅस कधी घेतला, गच्चीवर सौर पॅनल बसवणार का, असं एकेक विचारून ती बोटानं टिपत होती. मी जरा कंटाळलेली दिसले तशी म्हणाली, "आजी, देशाचं कार्बन उत्सर्जन कमी करायचं आहे ना, म्हणून विचारावं लागतं." मी तिला म्हटलं, अगं, तुझ्या वयाची असताना हेच काम मीही केलं आहे. तेव्हा त्याला उत्सर्जन म्हणत नव्हते, नुसतं धूर म्हणायचे. तिला मोठी गंमत वाटली. "मग झाला का कमी?" असं तिनं हसत हसत विचारलं. ती गेल्यावर मी दार लावलं आणि हा कागद घेऊन बसले. तुला वाचता येत नव्हतं, तरी तुलाच लिहिते आहे.

आपलं स्वयंपाकघर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मोर्शीकडचं ते मातीच्या सपाट छताचं, धाब्याचं घर, ठेंगणं दार, खिडकी म्हणून भिंतीत विटेएवढं भोक. तू सकाळी कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या पेटवतेस, धूर आधी वर माळवदाला लागतो, मग जागा उरली नाही की खाली उतरतो, आणि त्याच्याखाली वाकून तू भाकरी थापतेस. मधेच खोकल्याची उबळ येते. तोंडाला पदर लावून तू भिंतीला टेकतेस, आणि उबळ ओसरली की "सरक वं" म्हणून मला बाजूला करून पुन्हा परातीपुढे बसतेस. वहिनी नवी होती तेव्हा म्हणायची, "सासूबाईचा खोकला आयकू आला का समजाचं, उठाची येळ झाली." आपण सगळे हसायचो, तूही हसायचीस. मला आता त्या हसण्याचा राग येतो.

मी मॅट्रिक झाले. दादानं नाक मुरडलं तरी तू मला ग्रामसेविकेच्या प्रशिक्षणाला अमरावतीला धाडलंस. पंचवार्षिक योजनांचे दिवस होते ते. दिल्लीहून परिपत्रकं निघायची, की शेण जाळू नका, ते शेताला द्या. लाकूड वाचवा, जंगल वाचवा. बायांचे डोळे आणि छाती वाचवा. या सगळ्यावर मिळून एकच उपाय आमच्या हाती दिलेला होता, तो म्हणजे बिनधुराची चूल. मातीची लांबट चूल, वर तीन भांडी बसतील अशी तीन तोंडं, आतून बोगदा आणि शेवटी धाब्यातून वर काढलेला पत्र्याचा नळ. बाकीच्या मुलींना तो अभ्यासाचा एक धडा होता. मला तुझा खोकला बंद करायचा होता. एवढंच डोक्यात घेऊन मी ती माती तुडवायला शिकले.

पहिली चूल मी तुझ्याच घरात बांधली. तू कमरेवर हात ठेवून बघत होतीस. "येवढी मोठी चूल? लगन हाय का घरी?" म्हणालीस. धाब्याला भोक पाडताना दादा कुरकुरला, पावसात गळेल म्हणाला, तर तू त्यालाच शिडीवर चढवलंस. चूल वाळल्यावर तू जाळ केलास आणि आपण दोघी अंगणात जाऊन वर पाहू लागलो. नळातून धूर निघाला, सरळ वर गेला. तू आत जाऊन पाहिलंस, पुन्हा बाहेर आलीस, पुन्हा आत गेलीस. मग शेजारणींना हाका मारल्यास, "या वं, पाहा माया पोरीनं काय केलं ते!" त्या दिवशीइतका आनंद मला पुढे नोकरी कायम झाली तेव्हाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मला परत जायचं होतं. मोटार फाट्यावर येऊन हॉर्न देत होती, मी पिशवी उचलून दारात, आणि तू हातात पांढऱ्या मातीचं पोतेरं घेऊन चुलीपाशी. रोज अंघोळ झाली की चूल पोतारल्याशिवाय तू जाळ करायची नाहीस. तू विचारलंस, "बाई, हे आतून पोतारू का राहू देऊ? अर्धी पोतारेल चूल बरी नाई दिसत." मी वळूनही पाहिलं नाही. "पोतार ना, छान दिसते," म्हणाले आणि पळाले.

आतून सारवायचं नाही, माती चढत जाते, आणि दर आठ दिवसांनी बोगद्यात सळई फिरवायची, हे मी गावोगाव तक्ता टांगून सांगत होते. तुझ्यापुढे तक्ता टांगायची मला लाज वाटली. चूल पोतारायला जिनं मला शिकवलं, तिला मी काय चूल शिकवणार! आणि त्या दिवशी तर तू स्वतःहून विचारलं होतंस.

त्यानंतर मी महिन्या-दीड महिन्यानं घरी यायची, तेही उभ्या उभ्या. ऑफिसच्या रजिस्टरात चुली किती बांधल्या याचा रकाना होता, किती पेटतात याचा नव्हता. पहिल्या दोन खेपांना तुझा खोकला कमी वाटला म्हणून मी खूश. पुढच्या खेपेला तू मला परसात वहिनीशेजारी बसून भाकरी थापताना दिसलीस, तीन दगड मांडून. "ऊन खात बसली," म्हणालीस, आणि मला ते खरं वाटलं.

मग आमच्या बीडीओ साहेबांचा निरोप आला. योजनेची पाहणी करायला दिल्लीचे एक साहेब येणार, त्यांना नमुन्याची चूल दाखवायची, तर तुमच्या आईचीच दाखवू. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. मी पहिल्या मोटारीनं आले. घर तू आरशासारखं केलं होतंस, पण स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि मी थबकले. चुलीमागची भिंत नुकतीच चुन्यानं पांढरी केलेली, आणि त्या चुन्याखालून काजळी डोकावत होती.

"माय, धूर होते का?"

तू पदराला हात पुसत राहिलीस. "दोन मह्यने झाले. घरातच फिरून राहिला."

"मंग सांगितलं काहून नाई मले?"

"गावात मोठं नाव झालं तुयं. तिच्या मायच्याच घरी धूर होते म्हनले असते लोकं."

मी शेवटच्या तोंडातून हात घातला. बोगदा उरलाच नव्हता. रोजचं एकेक पोतेरं बसून बसून माती दगडासारखी झाली होती, दोन बोटं जाईल एवढी फट राहिली होती. मी सळई घेऊन ठोकायला लागले. नख उखडलं, ढेकूळ निघेना. वहिनी बाहेरून ओरडली, "जीप आली वं!" मी तुझे हात धरले आणि म्हटलं, माय, पेटवू नको. नुसती दाखवू, आजच पोतारली म्हणून सांगू, ओली आहे म्हणू. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं मी काही तरी घाण बोलले. "पाव्हना दारात आला अन् त्याले थंडी चूल दाखवू? चाय बी नाई पाजाचा?" आणि माझा हात सोडवून तू काडी ओढलीस.

साहेब उंच होते, वाकून आत आले. मागे बीडीओ, त्यांच्या मागे अर्धा गाव. आधी एक धुराची रेघ पहिल्या तोंडातून निघाली, मग दुसऱ्यातून, आणि बघता बघता साहेबांचा चेहरा मला दिसेनासा झाला. बाहेर पोरं वर नळाकडे पाहत होती, तिथे काहीच नव्हतं. "धुआँ होता है क्या, माताजी?" साहेबांनी खोकत विचारलं. तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, छाती भात्यासारखी चालली होती, आणि तू त्यांच्याकडे तोंड करून म्हणालीस, "नाई जी. कांदा कापला आत्ता, त्याचं पानी हाय." घरात कांदा कुठेच नव्हता. कुणी तरी फिदीफिदी हसलं. साहेब हसले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी रुमालानं डोळे पुसले, तू दिलेला चहा उभ्यानं प्यायले, आणि बीडीओंना हळूच काही तरी म्हणाले. जीपमध्ये बसताना बीडीओंनी मला सांगितलं, "आठ दिवसांत लेखी खुलासा द्या. चूल का बिघडली? आणि घरच्या बाईचा अंगठा पाहिजे त्याच्यावर."

मी लोक पांगायची वाट पाहिली आणि तुझ्यावर तुटून पडले. खोटं कशाला बोललीस, माझं हसं केलंस, वाट्टेल ते बोलले. तू चुलीतली लाकडं ओढून विझवत होतीस. एवढंच म्हणालीस, "तुयी नोकरी जाईन म्हनून बोलली, बाई."

खुलासा मी तिथेच, त्याच दुपारी, ओट्यावर बसून लिहिला. मला त्यातला शब्द न् शब्द पाठ आहे. "सदर गृहिणीने, वेळोवेळी सूचना देऊनही, अज्ञानामुळे व जुन्या सवयीमुळे धूर जाण्याचा मार्ग सारवून बंद केला." अमरावतीला शिकलेली ही शुद्ध भाषा पहिल्यांदा मी तुझ्यासाठी वापरली. तू जवळ येऊन बसलीस, कागदावरच्या ओळींवरून बोट फिरवलंस आणि विचारलंस, "काय लिवलं वं?" मी म्हणाले, "चूल चांगली आहे, असं लिहिलं." "मंग बरं," म्हणालीस, आणि शाईचा अंगठा दाबून ठेवलास, नीट उठावा म्हणून.

माझी नोकरी वाचली. पंधरा दिवसांनी ऑफिसचा माणूस आला आणि तुझ्या धाब्यावरचा नळ काढून घेऊन गेला. नळ थोडे होते. जी बाई निगा राखत नाही तिच्याकडचा काढून दुसरीला द्यायचा, असं ठरलं होतं. मला हे कळलं तेव्हा एका अर्जानं नळ परत आणता आला असता. बोगदा फोडून नव्यानं करायला मला एक दुपार लागली असती. पण अर्ज करायचा तर तुला सूचना कधीच दिली नव्हती हे लिहावं लागलं असतं. मी अर्ज केला नाही. दादानं भोक चिखलानं बुजवलं आणि तू पुन्हा माळवदाखालच्या धुरात जाऊन बसलीस. त्या धुरात तू पुढची सगळी वर्षं काढलीस, माय. मी इतर बायांच्या घरी चुली बांधत फिरत होते.

तुला अकोल्याला आणलं तेव्हा माझी बदली तिथे झाली होती. दवाखान्यात तू खाटेवर बसूनच असायचीस, आडवं झालं की दम लागायचा. डॉक्टर तरुण होते. नळी लावून छाती तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "घरी चूल कशी आहे? धूर होतो का?" मी तुझ्या उशाशी उभी होते. ग्रामसेविका, आता पक्की. मी तुझी चादर सारखी करू लागले. तू दोन श्वासांच्या मधे थांबून म्हणालीस, "चूल चांगली हाय जी. पोरीनं बांधली माया." तू मला सांभाळून घेते आहेस, की तुला खरंच तसं वाटतं, हे मला तेव्हा कळलं नाही. तू गेलीस, तुझे दिवस झाल्यावर वहिनीनं सांगितलं. नळ न्यायला आलेल्या माणसानं तुझ्यासमोरच म्हटलं होतं, "तुमी लिपून लिपून बुजवली, पोरीनंच लिवून देल्लं हाय, तुमचा अंगठा हाय खाली." तू त्याला पाणी दिलंस आणि वहिनीला बजावलंस की हे पोरीला कधी सांगशील तर पाहा. म्हणजे इतकी वर्षं तुला ठाऊक होतं, आणि मी आले की तू मला गरम भाकर वाढत होतीस.

हे पत्र मी कुठे टाकणार? घडी करून कपाटात ठेवीन, नाही तर फाडून टाकीन. मी किती रडले, किती पस्तावले, असं लिहून शेवट करायचा मोह होतो आहे. पुढे रडलेही. पण त्या दुपारी, तुझ्या अंगठ्याचा कागद पिशवीत घालून मी फाट्यावर गेले, तेव्हा मला लाज वाटली नव्हती. सुटल्यासारखं वाटलं होतं. तू बांधून दिलेली भाकर मी मोटारीतच खाल्ली, आणि मोर्शी येईपर्यंत मला छान झोप लागली.