काठीला दुखापत

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोज पाच पानं लिहायची. शनिवारी वाचनालयात माझं व्याख्यान. विषय: समोरच्या इमारतीतल्या किशोरीने काढलेलं व्यंगचित्र. अख्ख्या कामोठ्यात फॉरवर्ड होतंय. पोलिसाने रिक्षावाल्याला मारता मारता काठी मोडलीय. सगळे टीव्ही कॅमेरे मोडक्या काठीवर. खाली ब्रेकिंग न्यूज: ‘काठीला दुखापत’. रिक्षावाल्याकडे कोणीच बघत नाही. असा बोलेन की सभागृह पेटेल.

४ नोव्हेंबर
तळमजल्यावरच्या मुबीनाभाभी आल्या. किशोरीच्या चित्रातला रिक्षावाला म्हणजे त्यांचा मुलगा फुजैल. गुरुवारी आमच्या गेटसमोरच झालं. रिक्षा हटवण्यावरून बाचाबाची, मग काठ्या. उजव्या हाताची तीन बोटं मोडली. चॅनेलवर मात्र ‘रिक्षाचालकाचा पोलिसावर हल्ला’. आणि तोच आत. शुक्रवारी जामिनाची सुनावणी. भाभी म्हणाल्या, सर, तुम्ही खिडकीत होतात. फुजैलने हात उचलला नाही, एवढंच लिहून द्या. अल्लाच्या वास्ते.
समजावलं: एका साक्षीने काय होतं? शनिवारी मी शंभर साक्षीदार तयार करतो!
चहा नको म्हणाल्या. उंबऱ्यातच उभ्या होत्या.
तरी उद्या देतोच लिहून.

५ नोव्हेंबर
चित्राचं बारकाईने वाचन. कॅमेरे: उत्तम. काठी: उत्तम. एकच दोष. वर कोपऱ्यात तिसऱ्या मजल्याची खिडकी, त्यात पुस्तक धरलेला टकलू माणूस, शेजारी निळ्या डब्यात कोरफड. याचं काय काम? जागा भरायला काढला असावा. किशोरीला रचना शिकवायला हवी.
साक्ष लिहायला घेतली. तीन पानं झाली. लोकशाहीच्या उगमापासून सुरुवात केली आहे. अजून फुजैलपर्यंत पोचलो नाही.

६ नोव्हेंबर
वकील भाभींकडे येऊन तासभर बसले. मनिषा म्हणाली, भाषणाला पार पुण्यापर्यंत जाता, तीन जिने उतरवेनात का? बायकोने असं बोलावं? उतरलोही. पहिल्या मजल्यावर शिंक आली. शनिवारी आवाज बसला तर? परत फिरलो.

७ नोव्हेंबर
जामीन नाकारला. मनिषा भाभींबरोबर कोर्टात गेली होती. वकिलांनी पुन्हा विचारलं म्हणे, डोळ्यांनी पाहिलेलं कोणीच नाही का? भाभींनी मान हलवली. माझं नाव घेतलं नाही.
समंजस बाई. माझं काम मोठं आहे, हे त्यांना कळलं.
आज जेवण गेलं नाही. पित्त असावं.

८ नोव्हेंबर
व्याख्यान. शंभर नाही, सोळा. खुर्च्या लावणारा भावेश धरून. पण बोललो! ‘जो पाहतो आणि बोलत नाही, तो काठीचं दुसरं टोक धरतो.’ टाळ्या नाहीत. लोक अंतर्मुख झाले होते.
मग भावेशने विचारलं, सर, तो खिडकीतला कोण? म्हटलं, प्रतीक आहे. मूक समाजाचं. सगळे खाली बघू लागले. किशोरी म्हणाली, काका, प्रतीक वगैरे नाही हो. दिसलं ते काढलं.
मागच्या रांगेतून भाभी उठल्या. जाताना म्हणाल्या, सर, आवाज छान लागला आज.

९ नोव्हेंबर, रविवार
खाली फुजैलची रिक्षा उभी आहे. सीटवर धूळ.
कोरफडीचा निळा डबा खिडकीतून आत घेतला. ऊन फार लागत होतं तिला.
मनिषा म्हणाली, आपली खिडकी उत्तरेला आहे.