कमी केलेले दहा

३ मार्च, लातूर
नायगावच्या कॉलेजात वीस वर्षं फिजिक्स शिकवलं आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी! औसा रोडला खोली मिळाली, खिडकीत कडुलिंब. काम मजेचं आहे: झालेले अपघात संगणकावर पुन्हा घडवून दाखवायचे. पडद्यावर लाखो कण सोडायचे, त्यांचं वजन, चिकटणं, दाटपणा ठरवायचा. तेच कण पाणी होतात, तेल होतात. मालक भागवतराव मला गुरुजी म्हणतात.

६ मार्च
पहिलं काम. साखर कारखान्यात वीरण्णा नावाचा कामगार मळीच्या टाकीत पडून गेला. ही काळी मळी पाण्याहून जड. माणूस तिच्यात बुडत नाही, अडकतो. तो पालथा पडला. शिडी चार हातांवर होती. त्या दिवशीच्या नमुन्याचा दाटपणा बारा. बारा टाकले की पडद्यावरच्या आकृतीला कूस बदलता येत नाही. तीनदा तपासलं.

७ मार्च
वीरण्णाची बायको जगदेवी आली होती. कारखाना म्हणतो, पिऊन होता म्हणून निघाला नाही. ती म्हणाली, आमी लिंगायत, गळ्यात लिंग होतं त्यांच्या, दारूला कधी शिवले न्हाईत. दुसरं काई नको, सर, एवढं लिहून द्या.

८ मार्च
भागवतराव म्हणाले, गुरुजी, अहवालाचे पैसे कारखाना देतोय, बारा लई दाट होतंय, दोन करा. गवळी रोज दूध पातळ करतो, तुम्हाला एकदा जमंना व्हय? दोनवर आकृती उलटते, चाळीस सेकंदांत शिडी धरते. म्हणजे शुद्धीतला माणूस वाचलाच असता. अर्ध्या गुणासाठी पेपर पुन्हा तपासणारा मी. सही केली.

१० मार्च
सकाळचा चहा कपाला धरून राहिला. माठातलं पाणी पाकाच्या तारेसारखं उतरलं. चाखलं, पाणीच होतं. मन खातंय म्हणून असं दिसतं, अशी स्वतःची समजूत घातली. पटली नाही.

११ मार्च
बादलीतून तांब्या निघेना. दोन्ही हातांनी ओढला. फोनवर बायकोने, उज्ज्वलाने, विचारलं, असं ओढून ओढून काय बोलून राहिलात? थुंकी गिळायला वेळ लागतो —

१२ मार्च
आकृती शिडीपाशी येते. चढत नाही. माझ्याकडे तोंड करून थांबते. आकडा दोनच आहे. बारातले दहा मी काढले. ते गेले कुठे?

१३ मार्च
बोट कापलं. रक्त बाहेर आलं, तिथेच थांबलं. भागवतरावांना म्हणालो, परत बारा करतो. हसले. अहवाल कोर्टात गेला, आता तुम्हीच जरा पातळ व्हा.

१४ मार्च
दुपार. बाहेर कडुलिंब हलतोय. इथली हवा हलत नाही. पालथा पडलोय. दार चार हातांवर. कूस — नाही. वही हाताशी आहे. लिहून देतो, जगदेवीबाई. वीरण्णा प्यायलेले नव्हते. मळीचा खरा आकडा —