मागच्या काचेवर आबांची कृपा

३ नोव्हेंबर, सोमवार
रविवारी वडगावचे गोरखभाऊ सुपारी फोडायला टाकव्याला येणार. आमच्या गौरवचं त्यांच्या सृष्टीशी ठरतंय. सगळे खूश. मी जास्त. सात वर्षं याच दिवसाची वाट पाहिली. भर बैठकीत चिरंजीवांचे ड्रायव्हिंगचे पराक्रम सांगणार. लग्न मोडायचं नाही, फक्त त्याची मान खाली गेलेली बघायचीय. संयम माझ्या रक्तातच आहे.

४ नोव्हेंबर
पॉइंट्स आठवले. अठराव्या वर्षी सेकंडहॅंड गाडी घेऊन दिली, तर यानं मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात लावून घेतलं: आबांची कृपा. मग काय, ठोकायचा हा आणि लोक यायचे माझ्या दारात. शेजारच्या भिमाजीची पेंढ्याची गंजी यानं रिव्हर्समध्ये आडवी केली. हात मी जोडले. लोहगडवाडीला हॅंडब्रेक न लावता सेल्फी काढत बसला. गाडी उतारानं निघाली ती थेट बयाबाईंच्या टपरीत, कणसांच्या ढिगावर. हात पुन्हा मीच जोडले. वर हा तो सगळा पावसाळा दर रविवारी गायब, कुठं उंडारत होता देव जाणे.
आता या जन्मी कोणापुढे हात जोडणार नाही. ठरलं.

७ नोव्हेंबर
आरशासमोर रिहर्सल. बयाबाईंचा भाग फार रंगतो. बायकोनं ऐकलं. रतन म्हणाली, पोराचं वाटोळं केलंत तर जेवायला मिळायचं न्हाई. मी बरं म्हणालो. हॉटेलं काय कमी आहेत?

९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी
सांगितलं. गंजीला गोरखभाऊ नुसते हसले, म्हणून बयाबाईंची टपरी काढली. गौरवची मान खाली. फार बरं वाटलं. चहा येईपर्यंत.
मग गोरखभाऊ म्हणाले, आबा, बयाबाई माझी सख्खी बहीण. तुमचं पोरगं पळून गेलं न्हाई. नुकसान भरून निघंस्तोवर दर रविवारी तितं कणसं भाजत बसायचं. आमची सृष्टी तवा आत्याकडंच व्हती. तवाच पोरगं आमच्या मनात भरलं.
सुपारी फुटली. रतन माझ्याकडे बघत होती. मी वर पंख्याकडे.

१० नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. गाडी मी घेऊन दिली, म्हणजे लग्न मीच जमवलं. जेवण अजून बंद आहे.

१५ डिसेंबर
काल लग्न झालं. गौरवनं नवी गाडी घेतली. काचेवर पुन्हा आबांची कृपा. मी खरवडायला गेलो तर सूनबाई म्हणाल्या, राहू द्या ना आबा, छान दिसतंय. मुलगी शहाणी आहे. गौरवला सरळ करेल. माझा सूड आता ती घेणार, मी नुसतं बसून बघणार.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळी
दारात भिमाजी. गंजी पुन्हा आडवी. मी ताठ उभा राहून सांगितलं, गौरव अजून अंथरुणात आहे, दुसऱ्या कुणाची गाडी असेल.
भिमाजी म्हणाला, व्हय, गौरव नव्हताच. सूनबाई व्हत्या. रिव्हर्स शिकत व्हत्या. काचेवरचं नाव वाचलं आन हितं आलो.
हात जोडले.